मुलांसाठी बोट कोणती?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी प्रवासवर्णने येतात. कोणी वेरूळच्या सहलीला गेलेला असतो, कोणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला. ज्या प्रवासाला मी गेलेच नाही आणि बहुधा जाणारही नाही, त्याबद्दल मत मांडण्याचे धाडस मी आज करीत आहे. विषय आहे सागरसफरीच्या बोटींचा, आणि त्यातही लहान मुलांना घेऊन जायचे तर बोट कशी निवडावी, या प्रश्नाचा. एस.टी.च्या पासासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांनी क्रूझची चर्चा करावी, याचे काहींना हसू येईल. पण या विषयाशी माझ्या घराचा अकरा वर्षांचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

महाविद्यालय सुटल्यावर संध्याकाळी पाच ते आठ मी बाजारपेठेतल्या एका ट्रॅव्हल एजंटाच्या दुकानात काम करते. रेल्वेची आरक्षणे, विमानाची तिकिटे, पासपोर्टचे अर्ज भरून देणे, असे ते काम. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात आणि दुकानात, दोन्हीकडे इंग्रजी कागद माझ्यापुढेच येतात. गेल्या दिवाळीच्या आधी तालुक्यातले एक शिक्षक दांपत्य दुकानात आले. बरोबर चार वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी. दोघांनी कित्येक वर्षे थोडेथोडे पैसे बाजूला टाकून ठेवले होते. बाईंनी विचारले, “मुलांसाठी चांगली बोट कुठली? तेवढं सांगा, बाकी आम्ही बघून घेऊ.” मालकांनी माझ्यापुढे चार-पाच कंपन्यांची माहितीपत्रके टाकली आणि म्हणाले, “वाचून ठेव गं. शनिवारी सांगायचंय त्यांना.”

शब्दकोश शेजारी घेऊन मी ती पत्रके वाचली. प्रत्येकावर जवळजवळ एकच चित्र होते. निळे पाणी, पांढरी बोट आणि हसणारी चार माणसे: आई, वडील, मुलगा, मुलगी. कुटुंबाने यावे तर आमच्याच बोटीवर, असा प्रत्येक कंपनीचा दावा. घसरगुंड्या आणि खेळ मोजले की उत्तर सापडेल, असे मला आधी वाटले. ती समजूत चुकीची होती, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

‘बोट’ हा शब्द आमच्या कोकणाला नवा नाही. माझी आजी लहानपणी बोटीने मुंबईला गेली होती. मुंबई–गोवा किनाऱ्यावर तेव्हा प्रवासी बोटी चालत, पावसाळ्यात बंद असत. ज्या बंदरात धक्का नसे तेथे बोट समुद्रात उभी राही आणि माणसे पडावातून तिच्यापर्यंत जात. आजी सांगते, “वर चढवताना मला एका अनोळखी बाप्याने उचलून दुसऱ्याच्या हातात दिलं, त्याने तिसऱ्याच्या.” डेकवर वळकट्या पसरलेल्या, कोणाच्या डब्यातली भाकरी कोणाच्या मुलाला, आणि रडणारे मूल ज्याच्या जवळ असेल त्याने खेळवायचे. मुलांसाठी वेगळी सोय म्हणाल तर एवढीच. मी त्या दिवसांचे गोडवे गात नाही. उलट्या, गर्दी आणि हाल यांच्याही आठवणी आजीजवळ भरपूर आहेत. पण तिच्या बोलण्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. मूल कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न बोटीवर फार जुना आहे.

आजची बोट ही वेगळीच वस्तू आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही रॉयल कॅरिबियन कंपनीची बोट घ्या. वीस मजले, दर खोलीत दोन माणसे धरली तर ५,६१० प्रवासी, आणि सगळ्या खाटा भरल्या तर साडेसात हजारांवर. शिवाय सुमारे २,३५० कर्मचारी. आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या वाड्या एका बोटीत मावतील. आपल्या मुंबईतूनही असे प्रयत्न झाले. २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली, पण २०२० च्या साथीच्या वर्षात तिची कंपनी बंद पडली आणि बोट अलंगच्या भंगारात गेली. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईहून सोडण्यास सुरुवात केली. ही बोट मूळची १९९० सालची, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होती. अनेक महिने आधी पैसे भरायचे असतात, तेव्हा बोटीबरोबर कंपनीचीही चौकशी करावी, हा ‘कर्णिका’च्या उदाहरणातून घेण्यासारखा पहिला धडा.

आता मुलांच्या कार्यक्रमांकडे वळू. बहुतेक मोठ्या बोटींवर मुलांसाठी स्वतंत्र दालने असतात आणि वयाप्रमाणे गट पाडलेले असतात. डिस्ने कंपनीची पहिली बोट १९९८ मध्ये निघाली. या कंपनीने सारा व्यवसायच मुलांना डोळ्यांपुढे ठेवून उभा केला. तिच्या मुख्य बालविभागात तीन वर्षांपासूनची मुले घेतात, अकरा ते चौदा आणि चौदा ते सतरा यांची दालने निराळी, आणि तीन वर्षांखालच्या बाळांसाठी पैसे घेऊन चालविलेले पाळणाघर. रॉयल कॅरिबियनचा विभागही तीन वर्षांपासून सुरू होतो. कार्निव्हल कंपनी मात्र दोन वर्षांच्या मुलालाही घेते आणि त्याचा लंगोटही बदलते. इतर बऱ्याच ठिकाणी मुलाला शी-शू सांगता आलीच पाहिजे, नाही तर दारातूनच परत. एमएससी या कंपनीने बाळांच्या आणि मुलांच्या खोल्यांसाठी खेळणी बनविणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यांशी करार केले आहेत. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या बोटीवर घेतच नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरीला ही अट एक वर्षाची होते. तेव्हा ‘सर्वांत चांगली बोट कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. दीड वर्षाच्या बाळाची चांगली बोट तेरा वर्षांच्या मुलीला तुरुंग वाटू शकते.

इथवर माहितीपत्रकांनी साथ दिली. पुढे मला वडिलांना विचारावे लागले.

माझे बाबा अकरा वर्षे अशाच एका बोटीवर सफाई विभागात आहेत. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. आमच्याकडे ‘शिपवर आहे’ एवढे म्हटले की पुरते. किनाऱ्यावरच्या अनेक घरांतून आणि खाली गोव्यातूनही एकेक माणूस असा शिपवर असतो. आठ महिन्यांचे काँट्रॅक्ट, मग दोन-अडीच महिने घरी, आणि परत साईन ऑन. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे रात्रपाळीत मुलांच्या दालनाची सफाई होती. रात्री एकनंतर शेवटचे मूल गेले की गालिचा झाडायचा, चेंडू आणि ठोकळे औषधाच्या पाण्याने पुसायचे, लहान खुर्च्या ओळीत लावायच्या. इतक्या प्रकारची खेळणी मी त्यांच्या तोंडूनच प्रथम ऐकली.

फोन लागला तेव्हा त्यांच्याकडे पहाट होती. मी विचारले, “बाबा, लहान मुलांसाठी बोट कशी बघायची?”

ते म्हणाले, “बाय, घसरगुंड्या नको मोजू. दाराशी माणसं किती आणि पोरं किती, ते विचार. आणि पोराला बाहेर कोण नेऊ शकतं, ते विचार.”

“आणखी?”

“पहिल्या दिवशी सगळीच पोरं जातात. दुसऱ्या दिवशी कुठलं पोर आपणहून जातं, ते बघायचं. जे नाही गेलं, त्याच्या आईबापानं हट्ट करू नये.”

या दोन वाक्यांवरून मी प्रश्नांची यादी केली. ती येथे देते. कोणाच्या तरी मावशीला, मोठ्या भावाला उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न माणसांचा. एका मदतनिसाकडे किती मुले? सुटीच्या हंगामात तेच प्रमाण राहते का? मूल आत सोडताना आणि बाहेर काढताना नोंद कशी होते? लहानांना आईवडिलांनीच आत-बाहेर करावे लागते. थोड्या मोठ्या मुलांना पालकांच्या लेखी परवानगीने स्वतः बाहेर पडता येते. ही परवानगी देताना बोटीवर हजारो अनोळखी माणसे आहेत, हे विसरू नये.

दुसरा प्रश्न वेळेचा आणि पैशांचा. दिवसाचा कार्यक्रम बहुधा तिकिटातच धरलेला असतो. पण पाळणाघराला वेगळे पैसे पडतात आणि काही बोटींवर रात्री दहानंतर ताशी आकार सुरू होतो. बोट बंदरात लागली असताना दालन उघडे असते का, जेवणाच्या वेळी मुलांना खाऊ घालतात का, हेही विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. बोटीवर तरणतलाव असतो म्हणजे तेथे जीवरक्षक असतोच असे नाही. रॉयल कॅरिबियनने आपल्या तलावांवर जीवरक्षक नेमण्याचे २०१७ मध्ये जाहीर केले. जेथे ते नसतात तेथे ‘जीवरक्षक नाही’ अशी पाटी असते, आणि मग जबाबदारी पूर्णपणे पालकांची. सज्जाची खोली घेणाऱ्यांनी कठड्याजवळ खुर्ची ठेवू नये. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने कठडा किमान ४२ इंच उंच हवा, पण खुर्चीवर चढलेल्या मुलापुढे त्या ४२ इंचांचे काही चालत नाही.

चौथा प्रश्न संकटाचा. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसे गेली. नव्याने चढलेल्या प्रवाशांची सुरक्षिततेची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता ती बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. अनेक बोटींवर मुलांच्या मनगटावर पट्टी बांधतात आणि तिच्यावर संकटात कोणत्या जागी जमायचे त्याचा क्रमांक असतो. ही पट्टी कंटाळून काढून टाकू नये. मूल दालनात असताना भोंगा वाजला तर त्याला कोण आणणार, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

पाचवा प्रश्न स्वच्छतेचा. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या बोटींची तेथील आरोग्य खात्याकडून अचानक तपासणी करण्याची पद्धत १९७० च्या दशकात सुरू झाली. शंभरपैकी ८६ गुण मिळाले तर बोट उत्तीर्ण. या तपासणीत मुलांची दालनेही येतात आणि गुण कोणालाही पाहता येतात. आम्हा विद्यार्थ्यांना ३५ ला सोडतात, तिथे बोटीला ८६ लागतात, हे वाचून मला मौज वाटली. पण बाबा रात्री ठोकळे का पुसत होते, तेही तेव्हाच कळले. एका मुलाच्या हगवणीने सारी बोट आजारी पडू शकते.

सहावा प्रश्न माझ्या स्वतःच्या मनातला, आणि तो कोणत्याच पत्रकात नव्हता. तो म्हणजे भाषा. घरात मराठी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला परदेशी बोटीच्या दालनात सोडले, तर ‘शू लागली’, ‘आई हवी’ हे तो कोणाला सांगणार? आठवीत इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी मुलगी मी होते, म्हणून मला हे सुचले असेल. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर निदान हिंदी समजणारी माणसे भेटतात. चार वर्षांच्या मुलासाठी ही गोष्ट मला दहा घसरगुंड्यांपेक्षा मोठी वाटते.

आमच्या एका प्राध्यापकांपाशी हा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, “मुलांना दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आईबाप मजा करणार, मग त्याला कौटुंबिक सहल का म्हणायचे?” सरांचा मान राखून मी म्हणेन की, हे अर्धेच खरे आहे. माझ्या आईने दोन मुले, सासू आणि दोन म्हशी एकटीने सांभाळल्या. गरम भात तिने शेवटचा कधी खाल्ला, ते तिला आठवत नाही. एखाद्या आईला दिवसाचे दोन तास कोणी मूल सांभाळून दिले आणि ती निवांत जेवली, तर त्यात कुटुंबाचे काय बिघडले? उलट ती रात्री मुलाला गोष्ट सांगायला ताजी राहील. मात्र मूल सकाळी सोडायचे ते रात्रीच आणायचे, असे चालले तर सरांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून जेथे ठराविक वेळी पालकांनाही दालनात येऊन मुलांबरोबर खेळता येते, ती बोट मी वरच्या क्रमांकावर ठेवीन. डिस्नेच्या बोटींवर असे खुले तास ठेवतात, आणखीही काही ठिकाणी आहेत. चौकशी करावी.

आता जे सांगायला मी कचरत होते, ते सांगते. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द पत्रकावर वाचताना मला दर वेळी ठेच लागे. कोणाच्या कुटुंबाची वत्सलता? बाबा ज्या वर्षी ते दालन झाडत होते, त्या वर्षी माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा झाला. त्याच्या वाढदिवसाला फोन लागला नाही. पुढे बाबा घरी आले तेव्हा तो त्यांना ‘काका’ म्हणाला. सगळे हसले, बाबाही हसले. त्याच संध्याकाळी त्यांनी पंचाची घडी घालून त्याला हत्ती करून दिला. बोटीवर प्रवाशांच्या मुलांसाठी खाटेवर असे टॉवेलचे हत्ती, माकडे करून ठेवतात. तो हत्ती भावाने आठ दिवस कोणाला अंघोळीला घेऊ दिला नाही.

खलाशांच्या हक्कांसाठी २००६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो ऑगस्ट २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे काम चोवीस तासांत १४ तासांवर आणि आठवड्यात ७२ तासांवर जाऊ नये, किंवा विश्रांती चोवीस तासांत १० आणि आठवड्यात ७७ तासांहून कमी होऊ नये, असा नियम आहे. या नियमाने पुष्कळ सुधारले, असे बाबाच म्हणतात. पण बोटीवर रविवार नसतो, असेही तेच म्हणतात.

म्हणून कोणी बोटीने जाऊच नये, असे मी म्हणणार आहे का? मुळीच नाही. त्या बोटीच्या पगारावर आमच्या घरावर कौले जाऊन पत्रा आणि पत्रा जाऊन स्लॅब आला. या महाविद्यालयाची माझी फी त्यातूनच भरली गेली. लोक बोटीवर गेले नाहीत तर बाबा घरी येतील हे खरे, पण मग आम्ही खायचे काय? माझी तक्रार जाणाऱ्यांविषयी नाही. बोट निवडताना लोक तलाव आणि जेवण पाहतात, माणसे पाहत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे. आणि मुलांच्या बाबतीत तर माणूस पाहण्यातच शहाणपण आहे. जो मदतनीस धड झोपलेला नाही, त्याच्या हवाली आपले मूल करणे मुलाच्याही हिताचे नाही. तेव्हा कर्मचाऱ्याची विश्रांती आणि मुलाची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. एकाच कंपनीच्या बोटीवर पूर्वी जाऊन आलेल्यांना विचारावे, मदतनिसांनी मुलाला नावाने हाक मारली का? दमलेला माणूस नावे लक्षात ठेवू शकत नाही.

प्रवाशाच्या हातात आणखीही थोडे असते. रोजच्या बिलात कर्मचाऱ्यांसाठी जी बक्षिसी धरलेली असते, ती काटकसर म्हणून काढून टाकू नये. मूल वेळेवर घेऊन जावे, कारण एक वाजता बंद होणारे दालन दीडला बंद झाले तर झाडणाऱ्याची झोप अर्ध्या तासाने उडते. आणि शेवटी अभिप्रायाचा कागद देतात, त्यावर ‘सेवा उत्तम’ एवढे न लिहिता त्या माणसाचे नाव लिहावे. बाबांच्या ट्रंकेत अशा कागदांच्या तीन प्रती आहेत. पुढचे काँट्रॅक्ट मिळताना त्यांचा उपयोग झाला.

शनिवारी ते शिक्षक दांपत्य आले. मी त्यांना सांगितले की, परदेशच्या मोठ्या बोटीची घाई करू नका. आधी मुंबईहून दोन-तीन रात्रींची सफर घ्या. धाकट्याला भाषा कळेल, समुद्र बाधतो की नाही ते कळेल. मोठीला मात्र आधी विचारा. लहान सफरीत तिच्या वयाच्या मुलांची वेगळी सोय किती असते, ते कंपनीकडून लेखी घ्या. मुलगी तेवढ्यात म्हणाली, “मला खेळ नकोत, मला इंजिन बघायचंय.” त्या वयाचे कार्यक्रम आखणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावे, असे मला वाटते. मालक माझ्यावर थोडे नाराज झाले, कारण मोठ्या सफरीचे कमिशन मोठे. पण ते कुटुंब जाऊन आले आणि परत दुकानात आले, तेव्हा त्यांची नाराजी गेली. धाकटा पहिल्या दिवशी दालनात रडला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून गेला. इंजिन काही पाहायला मिळाले नाही. बाईंनी दालनातल्या मुलीचे नाव अभिप्रायात लिहिले होते, आणि ते मला सांगण्यासाठी त्या मुद्दाम थांबल्या.

माझे मत थोडक्यात असे. मुलांसाठी बोट निवडताना आधी आपल्या मुलाचे वय आणि स्वभाव पाहावा, मग त्याला सांभाळणारी माणसे पाहावीत, मग पाणी, स्वच्छता आणि संकटाची तयारी, आणि सर्वांत शेवटी घसरगुंड्या. ज्या दालनात आपले मूल हसते, ते रात्री कोणीतरी झाडलेले असते आणि त्याच्याही घरी मूल असते, हे जाणून जो जाईल त्याची सफर सुखाची होवो.

बाबा येत्या वैशाखात साईन ऑफ होत आहेत. भाऊ आता सातवीत आहे. हत्तीचे त्याला आकर्षण राहिलेले नाही, पण स्टेशनवर आणायला मीच जाणार, असे त्याने आतापासून सांगून ठेवले आहे.